सागरप्रवाह आणि प्रतीत्यसमुत्पाद

प्रत्येक गोष्ट कारणांवर अवलंबून उत्पन्न होते, हा तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद आम्ही या संस्थेत शिकलो. त्याची प्रचीती सागरातही येते. उत्तर अटलांटिकमध्ये खारे, उष्ण पाणी थंड होऊन जड होते व खोल बुडते. त्याची जागा घेण्यास दक्षिणेकडून उष्ण पाणी येते. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी, हिमयुग ओसरत असताना, वितळत्या बर्फाचे गोडे पाणी त्यात मिसळले. वरचे पाणी हलके झाले, बुडेनासे झाले आणि उष्णतेचा हा प्रवाह मंदावला, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. युरोप पुन्हा गारठला. दूर आशियातील मोसमी पाऊसही क्षीण झाला. या शीतकालास ‘यंगर ड्रायस’ म्हणतात. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी तो संपला, तेव्हा ग्रीनलंडचे तापमान काही दशकांतच सुमारे १० अंशांनी वाढले, अशी साक्ष तेथील बर्फाचे थर देतात.

निसर्ग नेहमी संथपणेच बदलतो, असे नाही. आज ग्रीनलंडचा बर्फ मानवी कृतींमुळे वितळत आहे. पावसावर जगणाऱ्या आपल्या शेतकरी-शेतमजूर कुटुंबांना हा प्रश्न परका नाही. कारण ओळखले तर त्याचा निरोध करता येतो, हाही धम्माचाच बोध आहे.