बंदी सोपी, नियम अवघड

वाशीमहून पुसदकडे जाताना जिल्ह्याची सीमा ओलांडली, की यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुका लागतो. या तालुक्यातील बान्सी गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर 2022 मध्ये एक ठराव केला. 18 वर्षांखालील मुलामुलींनी मोबाईल वापरू नये आणि वापरल्यास 200 रुपये दंड भरावा, असा त्याचा आशय होता. ठरावाची वार्ता देशभर पसरली आणि पुष्कळांनी त्याचे स्वागत केले. मुले पुस्तकाला हात लावीत नाहीत, रात्री उशिरापर्यंत जागतात, खेळाच्या मैदानावर फिरकत नाहीत, ही तक्रार घरोघरी असल्यामुळे असे स्वागत होणे स्वाभाविक होते. ठरावामागील तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तळमळ खरी असली म्हणजे उपाय बरोबर असतोच असे नव्हे. वाशीम जिल्ह्यातील शिक्षकांपुढे आणि शाळांच्या व्यवस्थापनापुढे आज हाच प्रश्न उभा आहे: विद्यार्थ्याच्या दप्तरातील मोबाईलवर सरसकट बंदी घालावयाची, की त्याच्या वापराचे नियम करावयाचे?

हे साधन विद्यार्थ्याच्या हाती आले कसे, याचा विसर पडून चालणार नाही. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि त्याच वर्षीच्या जूनपासून दूरस्थ पद्धतीने शिक्षण सुरू ठेवण्याचे धोरण राज्याने स्वीकारले. 'दीक्षा' अ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅपवरील वर्गांचे गट, सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली' मालिका अशी साधने त्यासाठी पुढे आली. यांपैकी दूरदर्शन सोडले, तर बाकी सारे मोबाईलवाचून अशक्य होते. तोपर्यंत शाळेने ज्या वस्तूस मज्जाव केला होता, तीच वस्तू मुलास घेऊन द्या, असे शाळेलाच पालकांना सांगावे लागले. सोयाबीनच्या एका हंगामावर वर्षाचा संसार चालविणाऱ्या कुटुंबांनी उसनवारी करून ती घेतलीही. शाळा पुन्हा भरल्या, पण मोबाईल दुकानात परत गेला नाही. जी सवय शाळेच्या संमतीने लागली, तिच्याबद्दल केवळ मुलाला गुन्हेगार ठरविणे न्यायाचे नाही.

आकड्यांची साक्षही विचार करावयास लावणारी आहे. 'प्रथम' संस्थेच्या 2024 च्या 'असर' अहवालानुसार ग्रामीण भारतातील 14 ते 16 या वयोगटातील सुमारे 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि 82 टक्के मुलांना तो वापरता येतो. ज्यांना वापरता येतो, त्यांपैकी 57 टक्के मुलांनी पाहणीपूर्वीच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारे 76 टक्के होते. या दोन आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. मोबाईल अभ्यासाच्या उपयोगी पडतच नाही, हे म्हणणे खोटे आहे आणि तो प्रामुख्याने अभ्यासासाठीच लागतो, हे मुलांचे म्हणणेही तितकेच खोटे आहे.

यंत्र यंत्रांत फरक

नवे यंत्र आले की मुले बिघडली, अशी ओरड प्रत्येक पिढीत होते, असा एक युक्तिवाद केला जातो. क्रिकेटचे धावते समालोचन ऐकण्यासाठी दप्तरातून ट्रान्झिस्टर आणणारे विद्यार्थीही एके काळी होतेच, याची आठवण त्यासाठी करून दिली जाते. परंतु ही तुलना फसवी आहे. ट्रान्झिस्टर बोलत असे, पण ऐकणारा कोण आहे याची त्याला कल्पना नसे. सामना संपला की त्याचे आकर्षणही संपे. मोबाईलमधील समाजमाध्यमे आणि खेळ यांची रचनाच अशी आहे, की वापरणाऱ्याची आवड टिपून घ्यावी आणि त्याला पुन्हा पुन्हा परत बोलवावे. युनेस्कोच्या 2023 च्या जागतिक शिक्षण अहवालात नमूद केल्याप्रमाणे एकदा विचलित झालेले लक्ष अभ्यासावर पूर्ववत स्थिर होण्यास 20 मिनिटांपर्यंतचा काळ लागू शकतो. पाऊण तासाच्या तासिकेत हा हिशेब काय होतो, हे शिक्षकांना सांगावयास नको. तेव्हा वर्गात मोबाईल नको, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मतभेद आहे तो वर्गाबाहेरच्या मोबाईलविषयी.

बंदीचा भार कोणावर?

2011 च्या जनगणनेनुसार वाशीम जिल्ह्यातील 82 टक्क्यांहून अधिक लोक खेड्यांत राहतात. गावात जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा असते. पुढच्या इयत्तांसाठी मुलांना मोठ्या गावी किंवा रिसोड, मालेगाव, मानोरा, मंगरूळपीर, कारंजा अशा तालुक्याच्या ठिकाणी जावे लागते. अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत पासामुळे खेड्यांतील मुली एस.टी.ने शिकावयास जाऊ लागल्या, हे या राज्याचे एक चांगले काम होय. पण पास मोफत असला, तरी गाडी वेळेवर येईलच असे नाही. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो. फाट्यावर उभ्या असलेल्या नववीच्या मुलीला घरी निरोप द्यावयाचा असेल, तर तिने तो कसा द्यावा? मजुरीसाठी पुण्या-मुंबईकडे गेलेल्या आईवडिलांनी गावी आजीजवळ ठेवलेल्या मुलाशी कसे बोलावे? ज्या घरी हा प्रश्न पडत नाही, त्या घराला बंदी सोपी वाटते.

आणखी एक गोष्ट उघडपणे सांगितली पाहिजे. दप्तरात मोबाईल सापडला आणि पालकांना शाळेत बोलावले, की मुलाच्या वाट्याला बहुधा दोन थपडा येतात. मुलीच्या बाबतीत प्रश्न तेथे थांबत नाही. तो कोणी दिला, ती कोणाशी बोलते, अशी चौकशी सुरू होते आणि कित्येकदा तिचे शिक्षणच थांबते. तिच्या लग्नाच्या गोष्टी निघतात. शाळेच्या दृष्टीने शिस्तभंगाची जी एक किरकोळ बाब असते, ती एका मुलीच्या आयुष्याची दिशा बदलून टाकते. नियम करणाऱ्यांनी शिक्षेचा विचार करताना ती शाळेच्या फाटकाबाहेर गेल्यावर कोणते रूप घेईल, याचाही विचार केला पाहिजे.

न्यायालयाचा मध्यम मार्ग

दिल्ली उच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2025 रोजी केंद्रीय विद्यालयातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात दिलेला निर्णय या दृष्टीने मननीय आहे. शाळेत मोबाईल आणण्यावर सरसकट बंदी घालणे इष्ट नाही आणि व्यवहार्यही नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र वर्गातील वापरास मज्जाव असावा, शक्य तेथे शाळा भरताना मोबाईल जमा करून घ्यावेत, शाळेच्या आवारात छायाचित्रण करू देऊ नये, विद्यार्थ्यांना वापराचे तारतम्य शिकवावे आणि धोरण ठरविताना पालक, शिक्षक व जाणकार यांचे मत घ्यावे, अशी मार्गदर्शक सूत्रे त्याने घालून दिली. हा निर्णय महाराष्ट्रातील शाळांवर बंधनकारक नसला, तरी त्यातील विवेक येथेही उपयोगी पडणारा आहे. फ्रान्सने 2018 मध्ये कायदा करून 15 वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना शाळेत मोबाईल वापरण्यास मनाई केली. तेथेही अध्यापनासाठी होणारा वापर आणि अपंग विद्यार्थ्यांच्या गरजा यांना अपवाद ठेवण्यात आला. कडक नियमालाही अपवादाची खिडकी लागते, हा त्यातील धडा होय.

मोठ्यांचे काय?

सर्वांत अवघड प्रश्न मोठ्यांच्या वर्तनाचा आहे. शिक्षकांची यात कुचंबणा झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. विद्यार्थ्यांची हजेरी मोबाईलवरून नोंदविण्याचा आदेश राज्यात डिसेंबर 2023 पासून लागू झाला. पोषण आहाराची माहिती, निरनिराळ्या याद्या, प्रशिक्षणाचे वर्ग, वरिष्ठांचे निरोप, सारे मोबाईलवरच येते आणि मोबाईल बहुधा शिक्षकाच्या स्वतःच्या खर्चाचा असतो. तासाला हातात मोबाईल घेतलेला शिक्षक सरकारी काम करीत आहे, की अन्य काही, हे समोरच्या मुलाला कळण्याचा मार्ग नाही. त्याला दिसते ते एवढेच, की जे आपल्याला वर्ज्य आहे ते गुरुजींना वर्ज्य नाही. शासनाने शालेय वेळेत माहितीची मागणी करू नये आणि शिक्षकांनी तासाला मोबाईल बाजूला ठेवावा, ही दोन पथ्ये एकमेकांवर अवलंबून आहेत.

या संदर्भात सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये दाखविलेली वाट बान्सीच्या वाटेहून निराळी आहे. तेथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजे आणि पुढचा दीड तास गावातील दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद ठेवले जात. तो दीड तास केवळ मुलांचा नव्हता; आईवडिलांनीही हातातील यंत्र खाली ठेवावयाचे होते. एका गावाने मुलांना दंड सांगितला, दुसऱ्याने सर्वांना एक वेळ नेमून दिली. शिस्त यांतील कोणत्या मार्गाने रुजते, हे शिक्षकांना अनुभवाने ठाऊक आहे.

वाशीम जिल्ह्यातील प्रत्येक शाळेस आपला नियम एका पानात लिहिता येईल. मोबाईल शाळेत आल्यावर बंद करून कार्यालयात जमा करावा आणि त्याची वहीत नोंद व्हावी. निरोपासाठी कार्यालयातील एक क्रमांक विद्यार्थी व पालक दोघांनाही खुला असावा. नियम मोडल्यास मोबाईल ठरावीक दिवस शाळेत राहावा. परंतु तो तपासू नये, त्यातील खाजगी मजकूर चारचौघांत वाचू नये आणि दंडाची रक्कम घेऊ नये. मुलीच्या घरी निरोप धाडण्यापूर्वी शिक्षिकेने तिच्याशी बोलावे. हा नियम पालकांच्या सभेत वाचला जावा आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांचे त्यावर मत घेतले जावे. यासाठी शासकीय अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. कुलूप असलेले एक कपाट आणि रोज दहा मिनिटे एवढेच लागेल.

बंदीचा फलक एका दिवसात लावता येतो. नियम मात्र रोज पाळावा लागतो आणि तो करणाऱ्यालाही पाळावा लागतो. शाळेतून बाहेर पडल्यावर या मुलांच्या हातून मोबाईल काढून घेणारा कोणी असणार नाही. तो केव्हा खाली ठेवावा, हे त्यांचे त्यांना कळावयाचे असेल, तर ते शिकण्याची जागा शाळाच होय.