एका रविवारवरून ‘संपला’ म्हणू नका!

दोस्तांनो, ‘फॉर्म’ हा शब्द तुम्हाला काही नवा नाही. विराट कोहलीनं नोव्हेंबर २०१९ मध्ये शतक ठोकलं आणि पुढचं आंतरराष्ट्रीय शतक यायला सप्टेंबर २०२२ उजाडलं. मधल्या काळात सोलापूरच्या पार्क मैदानाबाहेर, शाळेच्या मधल्या सुट्टीत, ‘संपला रे तो!’ असं किती जण म्हणाले असतील! मोटारसायकलींच्या शर्यतींचे शौकीनही असेच. शनिवारी डोक्यावर घेतात, रविवारी हुर्यो उडवतात. पण या खेळात फॉर्म येतो कुठून आणि जातो कुठं? चला, आपल्याच देशात झालेल्या एका शर्यतीवरून पाहू या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. रस्त्यावर मोठी गाडी दिसली की आपण लगेच ‘सुपरबाईक’ म्हणून मोकळे होतो. शर्यतींच्या जगात मात्र दोन वेगळ्या स्पर्धा आहेत. सुपरबाईकची जागतिक स्पर्धा १९८८ पासून चालू आहे. तिच्यातल्या गाड्या शोरूममध्ये विकत मिळणाऱ्या गाड्यांवरूनच तयार केलेल्या असतात. दुसरी स्पर्धा मोटो जीपी. तिच्या गाड्या फक्त शर्यतीसाठी बनवतात. कितीही पैसे मोजले तरी त्या दुकानात मिळत नाहीत. सुपरबाईकची एक फेरी २०१३ मध्ये भारतात व्हायची ठरली होती, पण ती झालीच नाही. मोटो जीपी मात्र आली!

दिवस होते २२ ते २४ सप्टेंबर २०२३. आपल्याकडे गणेशोत्सव चालू होता आणि तिकडे दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर जगातले सर्वांत वेगवान स्वार उतरले होते. प्रेक्षकांत ४६ आकड्याचे पिवळे टी-शर्ट घातलेले शौकीन होते. ४६ म्हणजे इटलीचा वालेंतिनो रॉसी. गंमत पाहा, रॉसी २०२१ मध्येच निवृत्त झाला होता, तरी त्याचे चाहते काही हटले नव्हते! आणि रविवारी जिंकला कोण? रॉसीच्याच संघाचा मार्को बेझेकी. तोही थोडाथोडका नव्हे, आठ सेकंदांहून जास्त फरकानं. ज्या खेळात सेकंदाच्या हजाराव्या भागावरून निकाल लागतो, तिथं आठ सेकंद म्हणजे फारच झाले.

त्या दिवशी खरी परीक्षा घेतली ती उन्हानं. ऊन म्हणजे काय हे सोलापूरकरांना कुणी सांगायला नको! आता विचार करा, अशा उन्हात अंगभर चामड्याचा जाड सूट, हातमोजे, बूट, डोक्यावर बंद हेल्मेट आणि खाली तापलेलं इंजिन. उष्म्यामुळे मुख्य शर्यत २४ ऐवजी २१ फेऱ्यांची करावी लागली. होर्हे मार्टिन या स्पॅनिश स्वाराच्या सूटची चेन तर चालू शर्यतीतच उघडली! ती लावत लावत त्यानं दुसरा क्रमांक राखला खरा, पण शर्यत संपल्यावर उन्हानं त्याचा पार जीव काढला होता. फ्रान्सचा फाबिओ क्वार्तारारो तिसरा आला. म्हणजे फॉर्म नुसता मनगटात नसतो, तो शरीरातल्या पाण्यातही असतो, बरं का!

आता पडलेल्यांकडे वळू. त्या वेळचा विश्वविजेता, इटलीचा फ्रान्सेस्को बन्याइया, दुसऱ्या क्रमांकावर असताना घसरून बाहेर गेला. आठ वेळा जगज्जेता ठरलेला स्पेनचा मार्क मार्केझ तिसरा होता. तोही पडला, उठला, गाडी पुन्हा चालू केली आणि नववा आला. त्या संध्याकाळी कुणी हिशेब मांडला असता, तर काय म्हटलं असतं? बेझेकी आता राजा, बन्याइया डळमळला आणि मार्केझ? तो तर संपलाच!

प्रत्यक्षात काय झालं? बन्याइयानं त्याच वर्षी विजेतेपद राखलं. चेन सावरणारा मार्टिन २०२४ मध्ये जगज्जेता झाला आणि २०२५ मध्ये वारंवार जखमी होऊन त्याच्या बऱ्याच शर्यती हुकल्या. बेझेकी २०२३ मध्ये एकूण गुणांत तिसरा होता, तो २०२४ मध्ये थेट बाराव्या क्रमांकावर घसरला. मग २०२५ मध्ये नवा संघ, नवी गाडी आणि पुन्हा तिसरा!

बेझेकीचं २०२४ मध्ये बिनसलं कुठं? त्याला डुकाटी कंपनीची आदल्या वर्षीची गाडी मिळाली होती आणि ब्रेक लावून वळणात शिरताना तिच्याशी त्याचं जमेना. पण त्याच मॉडेलवर त्याच वर्षी मार्केझ एकूण गुणांत तिसरा आला! बॅटचंही तसंच नाही का? मित्राची बॅट त्याच्या हातात तलवारीसारखी फिरते आणि तुमच्या हातात आली की नुसती जड लागते.

मार्केझची कहाणी तर ऐकण्यासारखी आहे. १९ जुलै २०२० रोजी स्पेनमधल्या हेरेझ इथं पडून त्याच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं. एक नाही, दोन नाही, त्या हातावर चार शस्त्रक्रिया झाल्या. होंडा संघात तो अकरा वर्षं होता. त्यांची गाडी मागं पडत गेली, तेव्हा तो संघ सोडून त्यानं एका लहान संघाची जुनी गाडी पत्करली. १ सप्टेंबर २०२४ ला तो जिंकला, आधीच्या विजयानंतर तब्बल १०४३ दिवसांनी! आणि २८ सप्टेंबर २०२५ रोजी जपानमध्ये पुन्हा जगज्जेता झाला. बुद्ध सर्किटवरच्या त्या रविवारनंतर दोनच वर्षांनी.

म्हणून म्हणतो, निकालाच्या तक्त्यात फक्त क्रमांक दिसतो, कारण दिसत नाही. टायर, ऊन, पाऊस, गाडी, दुखलेलं हाड आणि मनात बसलेली भीती, या सगळ्यांची बेरीज म्हणजे फॉर्म. ‘संपला’ म्हणायला अर्धा सेकंद पुरतो. कारण शोधायला मात्र डोकं लागतं, आणि खरा शौकीन तिथंच ओळखू येतो.

शौकिनांची आणखी एक सवय असते, नक्कल करायची. रविवारी शर्यत पाहिली की सोमवारी होटगी रोडवर गाडी आडवी करायची खुमखुमी येते. मार्केझ पडून उठला, कारण त्याच्या सूटमध्ये हवेची पिशवी होती, ट्रॅकच्या कडेला मोकळी जागा होती आणि समोरून एसटी येत नव्हती! आपल्या रस्त्यावर यातलं काहीच नसतं. आणि आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी: गिअरच्या मोटारसायकलचा परवाना अठराव्या वर्षाआधी मिळत नाही. २०१९ मध्ये कायदा बदलला तेव्हापासून अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा किल्ली कपाटातच बरी!

त्यापेक्षा एक मजेशीर उद्योग सांगतो. एक जुनी वही घ्या आणि कुठलाही एक स्वार निवडा. प्रत्येक शर्यतीच्या शनिवार-रविवारी पाच रकाने भरा: सरावात कितवा, पात्रता फेरीत कितवा, शर्यतीत कितवा, हवामान कसं होतं आणि शेवटचा रकाना ‘का?’ पहिले चार पेपर वाचून भरता येतील. पाचव्यासाठी मात्र स्वतः विचार करावा लागेल. हंगाम संपला की वही उघडून पाहा. आणि हो, घटक चाचणीत गुण घसरले, तर स्वतःच्या नावानंही एक पान काढा. तिथंही शेवटचा रकाना ‘का?’ हाच ठेवा!