सात पिना आणि एक हरीण

अमेरिकेत मिझुरी राज्यात राहणाऱ्या मुलाने कंपाउंड धनुष्य घेतलं आहे, हरणाच्या शिकारीच्या मोसमासाठी त्यावर नेम धरायची साईट कोणती लावावी, असं एका वाचकाने विचारलं आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर हा प्रश्न कुणाला पडायचं कारण उरलेलं नाही. मिझुरीत मात्र तो रास्तच. दोन टोकांना चाकं असलेलं हे धनुष्य मुळात तिथलंच. हॉलिस विल्बर ॲलन या मिझुरीकराला त्याचं पेटंट 1969 मध्ये मिळालं. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले, तेही याच धनुष्यावर. पण त्यांचं निशाण 50 मीटरवर मुकाट उभं असतं. हरीण कुठे उभं राहील, हे हरीण ठरवतं.

म्हणून शिकारीच्या साईटमध्ये एका कड्यात एकाखाली एक पिना असतात: वरची 20 यार्डांची, मग 30 ची, मग 40 ची. दोरीत बसवलेल्या छोट्या छिद्रातून, म्हणजे पीपमधून, पाहायचं, छिद्राचं वर्तुळ कड्यावर बरोबर बसवायचं आणि अंतराप्रमाणे पिन निवडायची. सेकंदाला 85 मीटर वेगाने सुटलेला बाण 20 यार्ड, म्हणजे सव्वाअठरा मीटर, साधारण 0.2 सेकंदात कापतो आणि तेवढ्यात 23 सेंमी खाली येतो. 40 यार्डांना वेळ दुप्पट, घसरण चौपट: 90 सेंमी. हवेचा अडथळा इथे धरलेला नाही. तो धरला तर घसरण आणखी थोडी वाढते.

यातली एक गंमत अनेक शिकाऱ्यांनाही चकवते. डोळा बाणाच्या दहा-बारा सेंमी वर असतो, त्यामुळे बाणाला आधी नजरेच्या रेषेपर्यंत चढावं लागतं. अगदी तीन यार्डांवर त्याला चढायला वाव मिळत नाही, आणि 20 ची पिन लावली तर तो पाचसहा सेंमी खाली लागतो. इतक्या जवळच्या त्या निशाणाला चक्क 60 यार्डांच्या आसपासची पिन लावावी लागते!

कड्याखालच्या स्पिरिट लेव्हलकडे दुकानात कुणी ढुंकूनही पाहत नाही, पण मी विकत घेताना आधी तीच पाहीन. धनुष्य 3 अंश कललं, तर 40 यार्डांवर बाण पाचेक सेंमी बाजूला जातो. उतारावर उभं राहिलं की हात नकळत कलतो आणि शरीराला ते कळतही नाही.

आता पिनेचा रंग. इथे मला यान पुर्किन्ये आठवल्याशिवाय राहत नाही. बोहेमियाचा हा शरीरशास्त्रज्ञ पहाटे फिरायला जायचा. त्याच्या लक्षात आलं, की उजाडण्याआधी लाल फुलं काळपट दिसतात आणि भोवतालची पानं त्यांच्याहून उजळ. सूर्य वर आला की लाल रंग पुन्हा सगळ्यांवर मात करतो. असंख्य लोकांनी हे पाहिलं असणार. त्याने 1825 मध्ये लिहून ठेवलं. यामागचं कारण पुढे कळलं: भर उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशी 555 नॅनोमीटरच्या पिवळट हिरव्याला सर्वांत जास्त दाद देतात, अंधूक उजेडातल्या दंडपेशी 507 च्या निळसर हिरव्याला. गडद लाल दंडपेशींना जवळजवळ दिसतच नाही. दिवेलागणीला अंगणातली लाल जास्वंद पाहा, पटेल.

हरणं नेमकी पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात. तेव्हा लाल पिन आधी मावळते, हिरवी टिकते. हिरवीच घ्या.

पण प्रकाशतंतूची पिन जितकी लखलखीत तितकी चांगली, या जाहिरातीवर मात्र माझा विश्वास नाही. अंधारात बाहुली मोठी होते, तेव्हा तेजस्वी ठिपका रात्री घाटात समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यासारखा पसरतो आणि मागचं हरीण झाकतो. अर्ध्या मिलिमीटरची साधी पिनसुद्धा 40 यार्डांवर सव्वादोन सेंमीचा भाग झाकते, पाऊण मिलिमीटरची जवळपास साडेतीन. उजेड कमीजास्त करता येणारी बारीक पिन घ्यावी. शिवाय दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच. त्यामुळे फारच अंधारलं की पिन चमकत राहते, पण ज्याच्याकडे सरळ बघाल ते निशाणच विरतं. तिथे साईट बदलून उपयोग नाही.

अंतर मोजून योग्य ठिपका आपोआप पेटवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक साईटही आता मिळतात. काही राज्यांत धनुष्याला असं उपकरण लावून शिकार करायला बंदी आहे, तेव्हा आधी नियम वाचावेत. सात पिनांच्या, 80 यार्डांपर्यंत नेम धरून देणाऱ्या साईटही आहेत. त्या पैशाचं गणित मला जमत नाही, ते आवाजामुळे. दोरीचा आवाज 40 यार्डांवर 0.11 सेकंदात पोचतो, बाण 0.43 सेकंदात. मधल्या 0.3 सेकंदातला थोडा वेळ दचकण्यात गेला, तरी पाय सैल सोडून खाली दबायला हरणाला 0.2 सेकंद उरतात, आणि तेवढ्यात शरीर 20 सेंमी खाली येऊ शकतं. बाण वरून जातो, किंवा वाईट जागी लागतो आणि जखमी जनावर झाडीत नाहीसं होतं. 80 यार्डांना तर हरणाजवळचा हा वेळ दुपटीहून जास्त. त्यामुळे मिझुरीच्या मुलाला माझं उत्तर: तीन पिना पुरेत, 20, 30 आणि 40 च्या.