सुमरणाची ख्रिस्ती साधना

मृत्यूला श्रद्धेने सामोरे कसे जावे, हे शिकवणारे ‘आर्स मोरिएंदी’ हे लॅटिन ग्रंथ पंधराव्या शतकात युरोपभर पसरले. आधीच्या शतकातील प्लेगमध्ये अनेकांना अंतकाळी पाद्री लाभला नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी १४१५च्या सुमारास मोठा ग्रंथ रचला गेला. १४५०च्या सुमारास ११ काष्ठचित्रांसह त्याची छोटी आवृत्ती आली. अविश्वास, निराशा, अधीरता, आध्यात्मिक गर्व आणि धनलोभ हे मरणाऱ्याला घेरणारे पाच मोह. त्यांना श्रद्धा, आशा, सहनशीलता, नम्रता व अनासक्ती यांनी तोंड द्यावे, ही या ग्रंथांची मुख्य शिकवण. आप्तांनी उशाशी बसून प्रार्थना म्हणावी, क्रूस दाखवावा, बरे होण्याची खोटी आशा लावू नये. १६५१मध्ये इंग्लंडचे धर्मगुरू जेरेमी टेलर यांनी मरणाची ही तयारी धडधाकट असतानाच, रोजच्या आत्मपरीक्षणाने करावी, यावर भर दिला.