वीरकथेंतील हसूं



चित्रपटाचा खेळ संपला कीं त्याच्याविषयींचा वादही चार दिवसांत संपतो, असा आपला नेहमींचा अनुभव. परंतु एका चित्रपटाविषयींचा वाद चाळीस वर्षें उलटलीं तरी शमलेला नाहीं. तो चित्रपट म्हणजे 'सुपरमॅन'चा दुसरा भाग. १९८० च्या डिसेंबरांत तो ऑस्ट्रेलियांत व युरोपांतील कांहीं देशांत आणि १९८१ च्या जूनमध्यें अमेरिकेंत प्रदर्शित झाला. त्यांतील दृश्यें कशीं टिपावयास हवीं होतीं, आणि त्यांत विनोद किती व कोठें असावा, हे त्या वादाचे दोन विषय. वरवर पाहतां हें भांडण क्षुल्लक वाटेल. तथापि त्याच्या मुळाशीं जो प्रश्न आहे तो गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येकाचा आहे: अशक्य गोष्ट ऐकणाऱ्यास खरी कां वाटते, आणि तिच्यावरील त्याचा विश्वास कशानें उडतो?

प्रथम हकीकत सांगतों. १९७७ सालीं निर्मात्यांनीं 'सुपरमॅन'चे दोन्ही भाग एकदमच चित्रित करावयास घेतले. दिग्दर्शक होते रिचर्ड डोनर. काम लांबलें, खर्च वाढला, निर्माते व दिग्दर्शक यांचें बिनसलें. तेव्हां दुसरा भाग अर्धवट ठेवून पहिला पुरा करण्यांत आला. १९७८ च्या डिसेंबरांत तो पडद्यावर आला व त्यास मोठें यश लाभलें. दुसऱ्याचाही बराच मोठा हिस्सा तोंपर्यंत चित्रित झाला होता. असें असूनही १९७९ सालीं डोनर यांना दूर करण्यांत आलें व काम रिचर्ड लेस्टर यांच्याकडे सोंपविण्यांत आलें. लेस्टर यांनीं उरलेलें तर पुरें केलेंच, शिवाय आधीं झालेल्या दृश्यांपैकीं कित्येक नव्यानें घेतलीं. सुपरमॅनच्या पित्याचें काम करणारे मार्लन ब्रँडो यांचीं दृश्यें पैशाच्या तंट्यामुळें गाळलीं गेलीं व त्यांच्या जागीं मातेचीं दृश्यें आलीं. अशा रीतीनें एकाच चित्रपटांत भिन्न वृत्तींचे दोन दिग्दर्शक शेजारीं शेजारीं नांदूं लागले.

आतां त्यांच्या दृष्टींतील फरक पाहूं. डोनर यांचा आग्रह सत्याभासाचा होता. माणूस उडतो ही गोष्ट खोटीच; पण सांगणाऱ्यानें ती गंभीरपणें सांगितली तर पाहणारा ती मानील, अशी त्यांची श्रद्धा. त्यांचे छायाचित्रकार जेफ्री अन्सवर्थ मऊ, किंचित् धुकट प्रकाश योजीत. उड्डाणासाठीं झोरान पेरिसिक यांनीं एक नामी युक्ति केली. नट पडद्यापुढें टांगलेला असे व त्या पडद्यावर आकाशाचें चित्र प्रक्षेपकानें पाडलेलें असे. कॅमेऱ्याचें व प्रक्षेपकाचें भिंग एकमेकांशीं जोडलेलें होतें. कॅमेऱ्याचें भिंग दृश्य मोठें करूं लागलें कीं प्रक्षेपकाचें भिंग पडद्यावरील आकाश तितक्याच प्रमाणांत लहान करी. परिणामीं आकाश होतें तेवढेंच दिसे आणि नट मात्र मोठा मोठा होत जाई. पाहणाऱ्यास वाटे, हा दुरून आपल्याकडे झेपावत येत आहे. वस्तुतः तो जागचा हललेलाही नसे. पहिल्या भागास दृश्यचमत्कारांसाठीं अमेरिकेंतील ॲकॅडमीचें विशेष पारितोषिक मिळालें.

अन्सवर्थ १९७८ च्या ऑक्टोबरांत वारले. लेस्टर यांच्यासाठीं चित्रण रॉबर्ट पेंटर यांनीं केलें. या दृश्यांत प्रकाश लख्ख व सपाट आहे, रंग अधिक भडक आहेत, आणि कॅमेरा पुष्कळदां एका जागीं उभा राहून समोर घडेल तें चौकटींत टिपतो. लेस्टरपक्षाचे चाहते म्हणतात, यांत वावगें काय? सुपरमॅन १९३८ सालीं जन्मास आला तोच मुळीं चित्रकथेच्या रंगीत चौकटींत! हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु येथें एक मेख आहे. स्थिर कॅमेऱ्यानें दुरून दाखविलेला माणूस पाय घसरून पडला तर आपण हसतों. त्याचा चेहरा जवळून दाखविला तर आपल्याला त्याची वेदना दिसते. विनोदास अंतर लागतें. म्हणून दृश्यांचा वाद व विनोदाचा वाद हे दोन नसून एकच आहेत.

ज्या प्रसंगावरून सर्वांत अधिक भांडण झालें तोच पाहा. सुपरमॅनच्या जन्मग्रहावरून हद्दपार झालेले झॉड, उर्सा व नॉन हे तिघे दुष्ट त्याच्याइतकेच बलाढ्य आहेत. मेट्रोपोलिस नगराच्या रस्त्यांत त्यांचें व सुपरमॅनचें युद्ध जुंपतें. एका बसच्या आघातानें तो ठार झाला असें लोकांस वाटतें. आणि मग ज्यांच्या अंगीं कसलेंही दैवी सामर्थ्य नाहीं असे साधे नागरिक संतापून त्या तिघांवर चालून जातात. माझ्या मतें साऱ्या कथेंतील हा अत्यंत उदात्त क्षण होय. तिघे दुष्ट फुंकर घालतात व वावटळ उठते. पुढें काय दिसतें? चाकांचे जोडे घातलेला माणूस मागें मागें ढकलला जातो. आइस्क्रीम उडून एकाच्या तोंडावर आदळतें. टेलिफोनच्या खोलींतील गृहस्थ, ती खोली आडवी झाली तरी, बोलणें व हसणें सोडीत नाहीं. प्रत्येक गंमत सुटी पाहिली तर लेस्टर यांच्या हातोटीची साक्षच आहे. परंतु क्षणापूर्वीं जे नागरिक प्राणांवर उदार झाले होते तेच आतां हास्याचें साधन झाले. त्यांना इजा होत नाहीं असें एकदां दिसलें कीं सुपरमॅननें त्यांना वाचविण्याचें मोल तें काय उरलें?

मग चाहत्यांना विनोद नकोच होता काय? तसें म्हणतां येत नाहीं. भित्रा, धांदरट क्लार्क केंट हाच सुपरमॅन आहे, हें लोइस लेन हिनें ओळखण्याचा प्रसंग घ्या. लेस्टर यांच्या दृश्यांत ती नायगाऱ्याजवळ प्रवाहांत उडी टाकून त्याची परीक्षा पाहते व फसते. पुढें तो अडखळून त्याचा हात विस्तवांत पडतो, भाजत मात्र नाहीं, आणि गुपित फुटतें. डोनर यांच्या दृश्यांत ती त्याच्यावर पिस्तूल झाडते, आणि त्यानें आपली ओळख कबूल केल्यावर सांगते कीं त्यांत गोळी नव्हतीच! दोन्ही ठिकाणीं आपण खळखळून हसतों व सहसा कोणी तक्रार करीत नाहीं. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत शृंगारापासून हास्याची आणि वीरापासून अद्भुताची उत्पत्ति सांगितली आहे. प्रेमिकांच्या लपंडावांतून उगवलेलें हसूं म्हणूनच सहज वाटतें. युद्धाच्या ऐन मध्यावर, जेथें अद्भुताची अपेक्षा आहे तेथें, तें आगंतुक वाटतें.

डोनर यांचा पाठ पाहावयास मिळावा ही मागणी चाहत्यांनीं वर्षानुवर्षें लावून धरली. अखेर जुन्या फिती धुंडाळून मायकेल थाऊ यांनीं तो जुळविला व २००६ सालीं तो प्रसिद्ध झाला. त्यांत ब्रँडो परतले आणि वावटळींतील बहुतेक गमती गेल्या. तरीही तो निर्दोष नाहीं. पिस्तुलाचें दृश्य मूळ चित्रणांत झालेंच नव्हतें. म्हणून नटांच्या निवडीच्या वेळीं घेतलेले तुकडे जोडले, व त्यांत क्लार्कचे केस एका क्षणीं एक तर दुसऱ्या क्षणीं दुसरेच दिसतात. काळ उलटा फिरविण्याचा शेवटही पहिल्या भागांत वापरून झालेलाच आहे. इतकें असूनही पुष्कळांना हाच पाठ अधिक प्रिय आहे. डोळ्यांना खटकणारी उणीव प्रेक्षक क्षमा करतो. सांगणाराच आपल्या गोष्टीला हसत आहे असा संशय मात्र त्याला सहन होत नाहीं. १९८३ सालच्या तिसऱ्या भागाचा आरंभच लेस्टर यांनीं रस्त्यांतील फजित्यांच्या मालिकेनें केला, आणि दुसऱ्या भागावर प्रेम करणारे कित्येक त्या वेळीं हिरमुसले.

लेस्टर यांना दोष देतांना एक गोष्ट विसरूं नये. दुसऱ्यानें अर्ध्यावर सोडलेली गोष्ट त्यांना पुरी करावयाची होती, आणि प्रत्येकजण आपल्याच आवाजांत गोष्ट सांगूं शकतो.

वर्गांत मीं मारुतीच्या समुद्रोल्लंघनाची गोष्ट कितीदां तरी सांगितली. मारुती वानरसेनेशीं थट्टा करी तेव्हां मुलें हसत, आणि मीही हसत असें. परंतु त्यानें उडी घेतली त्या क्षणीं माझ्या ओठांवर हसूं दिसलें, तर मागल्या बांकावरचा मुलगा तत्काळ विचारी, "गुरुजी, समुद्र खरेंच एवढा रुंद होता का हो?"