अस्वलाचा क्लोजअप

अस्वलाला अभिनय येत नाही. कुत्रा शेपूट घालतो, घोडा कान मागे टाकतो आणि आपल्याला काय ते समजतं. अस्वलाच्या तोंडावर त्यातलं फारसं काही उमटत नाही. ते बिथरलंय हे आधी कानालाच कळतं: फुस्कारे, जबडा वाजवल्याची खटखट, पंजाने जमीन बडवणं. चेहरा जसाच्या तसा. तरीही मूल आणि अस्वल यांच्या दोस्तीचे सिनेमे निघत आले आहेत आणि पोरं ते बघून डोळे पुसत आली आहेत. हे जमतं कसं, याचं मला भारी कुतूहल. मी चंद्रपुरात सुट्टीच्या दिवशी शाळकरी मुलांना सिनेमे दाखवते आणि माझे बाबा वनखात्यात गार्ड होते, त्यामुळे अस्वलाशी माझी ओळख दोन्हीकडून आहे.

या जातीच्या सिनेमाचा नमुना बघायचा तर १९६७चा ‘जेंटल जायंट’. निर्माता आयव्हन टॉर्स, मूळचा हंगेरीचा. ‘फ्लिपर’मध्ये त्याने मुलगा आणि डॉल्फिन अशी जोडी लावून पाहिली होती, ती धो धो चालली. मग डॉल्फिनच्या जागी अस्वल आणलं. मुलगा सात-आठ वर्षांचा क्लिंट हॉवर्ड, बाप डेनिस वीव्हर, आई व्हेरा माइल्स (‘सायको’मध्ये हरवलेल्या बहिणीला शोधत येते तीच). बेन नावाच्या अस्वलाचं काम मुख्यतः ब्रुनोने केलं. त्याच वर्षी सीबीएसवर ‘जेंटल बेन’ ही मालिका आली, ती १९६९पर्यंत चालली. बाप त्यात वनाधिकारी, आणि मागे भला मोठा पंखा लावलेल्या बोटीतून ही मंडळी अस्वलासकट फ्लोरिडाच्या दलदलीत हिंडतात.

मूळ गोष्ट मात्र अलास्कातली. वॉल्ट मोरी यांची ‘जेंटल बेन’ ही कादंबरी १९६५ची. मोरी यांनी अलास्कात पाणबुड्या म्हणून काम केलं होतं, मासे धरायचे सापळे तपासले होते, म्हणून त्यांच्या गोष्टीतल्या होड्या आणि मासळीचोर अस्सल वाटतात. मार्क तेरा वर्षांचा, किडकिडीत. मोठा भाऊ क्षयाने गेलेला, त्यामुळे आई सतत धास्तावलेली. शाळेतून येता-जाता तो एका शेडमध्ये शिरतो. तिथे फॉग बेन्सन नावाच्या माणसाने पिल्लू असल्यापासून साखळीला बांधून ठेवलेलं तपकिरी अस्वल आहे. मार्क डब्यातलं सँडविच त्याच्यापुढे धरतो. अलास्कातलं हे तपकिरी अस्वल फ्लोरिडात आढळत नाही. तिथे काळं अस्वल असतं, म्हणून पडद्यावर बेन काळा झाला.

त्या सँडविचपाशी मी अडते. दोस्ती म्हणून आपण जे बघतो ते बरंचसं खाणं असतं. कॅमेऱ्याच्या शेजारी प्रशिक्षक खाऊ घेऊन उभा असतो, अस्वल तिकडे मान वळवतं. नंतर संकलक ती मान उचलून मुलाच्या भरल्या डोळ्यांना जोडतो. मुलगा रडतोय, कट, अस्वल वळून बघतंय, कट, मुलगा हसतोय. आपण म्हणतो, बघा, त्याला कळलं! अस्वलाला बिस्किट कळलेलं असतं. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात कुलेशॉव्ह या दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा सुपाच्या ताटलीला जोडला, मग शवपेटीला जोडला. लोकांना एकदा भूक दिसली, एकदा दुःख. अस्वल हा कुलेशॉव्हचा आदर्श नट. आणि त्या काळात सिनेमातल्या अस्वलांची नखं काढणं सर्रास चाले, हे पोस्टरवर कुठे लिहीत नसत.

उभं राहण्याचंही तसंच. सिनेमात अस्वल दोन पायांवर उभं राहिलं की डरकाळी ऐकू येते. ती बहुतेक वेळा मागाहून चिकटवलेली असते. रानात अस्वल उभं राहतं ते नीट वास घ्यायला, नीट बघायला.

आमच्याकडची पोरं हे सगळं फार लवकर पकडतात. ‘जेंटल जायंट’मध्ये बेन मुलाच्या मागे मागे फिरत होता तेव्हा पहिल्या रांगेतली एक मुलगी ओरडली, “मॅडम, ते मारत काहून नाही त्याले?” तिची आजी पहाटे मोहफुलं वेचायला जाते. मोहाखाली अस्वलही येतं, आणि अंधारात दोघांची अचानक गाठ पडली तर ते आधी चेहऱ्यावर आणि डोक्यावर येतं, हे त्या पोरीने घरात ऐकलेलं. वाघाने वाट सोडली तरी अस्वल सोडत नाही, असं बाबाही म्हणत. मी तिला सांगितलं, तुझं बरोबर आहे.

तिला न सांगितलेली एक हकिगत आहे. ओडिशातल्या केओंझर जिल्ह्यात एका आदिवासी बापाला रानात अस्वलाचं पिल्लू सापडलं. आई नसलेल्या त्याच्या लहान मुलीला ते खेळगडी झालं, बाप त्याला सायकलवरून फिरवायचा. फोटो छापून आले, आणि २००६मध्ये वन्यजीव कायद्याखाली त्यालाच अटक झाली. पिल्लू नंदनकाननच्या प्राणिसंग्रहालयात गेलं. कायदा बरोबरच आहे. दरवेश्यांच्या हातातली वेसण घातलेली अस्वलं आठवली की तो हवाच वाटतो. पण सिनेमात बापाला शेवटी वनखात्याची नोकरी मिळते आणि इथे तुरुंग, हे काही डोक्यातून जात नाही.

मला विचाराल तर या सिनेमांत अस्वलाचं खरं काम बापाला वळवण्याचं असतं. मुलगा पहिल्यापासून मऊच असतो, त्याला शिकायचं काही नसतं. कडक, कामात बुडालेला, पोराकडे न बघणारा बाप अस्वलाच्या निमित्ताने पोराकडे बघायला लागतो, आणि माझ्या हॉलमध्ये पोरांबरोबर आलेले बाप नेमके तिथेच गप्प होतात. मालिकेत क्लिंटचे खरे वडील रॅन्स हॉवर्ड यांचीही एक भूमिका होती, हे कळल्यावर मला ती मालिका जास्त आवडायला लागली.

अस्वल अस्वलासारखं बघायचं असेल तर १९८८चा ‘द बेअर’ लावा. दिग्दर्शक जाँ-जाक अ‍ॅनो, गोष्ट जेम्स ऑलिव्हर कर्वुड या शिकाऱ्याच्या कादंबरीवरची. त्यात मूल म्हणजे अस्वलाचं पिल्लूच, दोस्त एक भलामोठा नर, आणि माणसांचं बोलणं अगदी थोडं. नराचं काम केलेल्या बार्टला डग स्यूस यांनी पिल्लापासून वाढवलं होतं. तरी चित्रीकरणात अ‍ॅनोला त्याचा पंजा खावा लागलाच. सुरुवातीलाच पिल्लाची आई दरडीखाली मरते, तेव्हा धाकट्यांना जवळ घेऊन बसा. पुढे मोठ्या अस्वलाला मादी भेटते आणि पिल्लू बाजूला बसून सगळं बघत असतं. तिथे पोरं मोठ्याने प्रश्न विचारतात. उत्तराची तयारी घरूनच करून या, मी देत नाही.