आजीच्या कपाळावरचं गोंदण मोबाईलच्या फोटोतून गायब का होतं?

म्हसवड, आटपाडी, जत. या भागातल्या एसटीत चढलात तर खिडकीशेजारी एखादी तरी आजी दिसतेच, जिच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवट ठिपके असतात. हातावर तुळस नाहीतर विंचू, आणि निरखून पाहिलं तर पुसट झालेलं एखादं नाव. त्याच एसटीत मागच्या सीटवर एक पोरगं बसलेलं असतं. त्याच्या दंडावर राजमुद्रा आणि मनगटावर ‘आई’.

सातारा-सांगली पट्ट्यात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या हौशी माणसाला याच्याहून चांगला विषय शोधून सापडणार नाही. सुट्टीच्या दिवशी गावोगाव जायचं, गोंदलेल्या माणसांचे फोटो जमवायचे. छंद स्वस्त आहे, मोबाईलवरही भागतो. अडचण एकच. घरी येऊन फोटो बघावा तर आजी झकास आलेली असते, पण गोंदण कुठंय?

तर झालंय असं. जुनं गोंदण म्हणजे दिव्याची काजळी, त्यात पाल्याचा रस आणि टोचायला सुया. काजळी म्हणजे कार्बन, रंगाने काळाकुट्ट. ती त्वचेच्या वरच्या थरात नाही, खालच्या थरात जाऊन बसते. म्हणून तर साबणाने निघत नाही. उजेडातला तांबडा भाग त्वचेत खोलवर जातो आणि काजळी तो गिळून टाकते. निळा भाग मात्र वरच्या वरच विखुरतो आणि आपल्या डोळ्यांकडे परत येतो. त्यामुळे काळी काजळी आपल्याला हिरवट-निळी दिसते. मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात, त्यातलाच हा प्रकार. वर्षं जातात तसे काजळीचे कण थोडे थोडे पसरतात आणि बारीक रेघ जाड, पुसट होते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या विंचवाची नांगी ओळखू येत नाही ती यामुळे.

आता यात मोबाईल हात धुवून घेतो. बऱ्याच फोनमध्ये चेहरा गुळगुळीत करणारा ब्युटी मोड असतो, काही फोनमध्ये तो आधीपासूनच चालू असतो. त्याचं काम एकच, चेहऱ्यावरचे डाग आणि सुरकुत्या पुसणं. हनुवटीवरचे तीन ठिपके त्याच्या लेखी पुटकुळ्याच. आजीला गोंदवून घेताना जे दुखलं ते फोन एका सेकंदात साफ करतो. म्हणून पहिलं काम, तो मोड बंद करणं.

दुसरी गंमत ब्लॅक अँड व्हाइटमध्ये आहे. रंगीत फोटो काळा-पांढरा करताना एडिटिंग ॲपमध्ये कुठला रंग उजळ करायचा हे ठरवता येतं. आपली गव्हाळ-सावळी कातडी तांबडा उजेड सगळ्यात जास्त परतवते. त्यामुळे लाल आणि केशरी रंग उजळ केले की कातडी उजळते आणि गोंदण काळं होऊन उठून दिसतं. पण असं फार केलं की सुरकुत्याही विरघळतात. सुरकुत्या हव्या असतील तर हिरव्याकडे जावं लागतं आणि मग गोंदण मागे सरकतं. एकाच चेहऱ्यात दोन्ही भरपूर मिळत नाहीत, निवड करावी लागते.

याचा उलटा अनुभव न्यूझीलंडमध्ये आला. एकोणिसाव्या शतकात तिथल्या माओरी लोकांचे फोटो काचेच्या ओल्या प्लेटवर काढले गेले. त्या प्लेटला निळा उजेड चांगला कळायचा, तांबडा कळायचाच नाही. परिणामी कित्येक फोटोंत चेहऱ्यावरचं गोंदण दिसेनासं झालं. मायकल ब्रॅडली या फोटोग्राफरने अलीकडे ‘पुआकी’ नावाच्या प्रकल्पात हेच मुद्दाम करून दाखवलं. त्याने एकाच माणसाचे दोन फोटो शेजारी ठेवले, एक ओल्या प्लेटवरचा, एक डिजिटल. एकात चेहरा कोरा, दुसऱ्यात गोंदलेला.

आणि तांबड्याच्याही पलीकडे, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये गेलं तर? २०१८ मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या इजिप्तच्या एका ममीच्या दंडावरचा काळपट डाग असाच तपासला गेला. निघाला रानटी बैल आणि एक शिंगवाली मेंढी. वय पाच हजार वर्षांहून जास्त.

उजेडाबद्दल थोडक्यात. भर दुपारचं ऊन आणि फ्लॅश, दोन्ही नको. तेलकट कपाळ चमकतं आणि गोंदण त्या चमकेखाली जातं. घराचा सोपा उत्तम. दारातून बाजूने येणारा सकाळचा उजेड, आजी उंबऱ्याजवळ, बांगड्या थोड्या वर सरकवलेल्या. तरुणाचा टॅटू नवा असेल तर तीन-चार आठवडे थांबावं, लाली आणि खपली गेल्यावर रेघ स्वच्छ येते.

इथवर सगळं सोपं आहे. अवघड भाग फोटो काढल्यावर येतो.

गोंदलेल्या शरीराचा माणसाविरुद्ध वापर झालेला आहे. ब्रिटिशांच्या काळात बंगाल आणि मद्रास इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला जायचा. ते १८४९ मध्ये बंद झालं. पुढे १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. त्यात माणसं होती, पण बहुतेक वेळा जातीचा नमुना म्हणून. इन्स्टाग्रामवर ‘व्हिंटेज व्हाइब्स’ लिहून टाकलेली अनोळखी आजी यापासून फार लांब नाही. याउलट पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ संकेतस्थळावर देशभरातल्या चेहऱ्यांचा एक संग्रह आहे. तिथे माणूस काय काम करतो आणि कुठला आहे हे फोटोसोबत असतं.

कायदा इथे आजीच्या बाजूने फारसा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोची पहिली मालकी साधारणपणे काढणाऱ्याची असते, फोटोतल्या माणसाची नाही. म्हणून विचारायचं ते एकदा नाही, दोनदा. काढू का, आणि इंटरनेटवर टाकू का. दुसरा प्रश्न विचारताना फोनवर दाखवून सांगावं की हे गावाबाहेरची माणसंही बघतील. हातावरचं नाव वारलेल्या नवऱ्याचं असू शकतं. त्याचा क्लोजअप जगाला दाखवायचा की नाही हे त्या बाईने ठरवायचं.

पोरांच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, दोन्ही जिल्ह्यांत पहाटे रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं आहेत. सैन्यभरतीच्या नियमांनुसार कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवर चालतो. इतर जागी चालत नाही, अधिसूचित आदिवासी भागातल्या प्रथेला तेवढी सूट आहे. म्हणजे दंडावरची राजमुद्रा अडचणीत आणू शकते. काही जण मग लेझरने ती काढायच्या मागे लागतात. अशा पोराचा नाव-गावासकट फोटो वर्षानुवर्षं नेटवर फिरत राहावा का, हे फोटो टाकण्याआधी त्याच्याशी बोलून घ्यावं.

राहिला शेवटचा खर्च, कागदावरच्या प्रिंटचा. ज्यांचा फोटो काढला त्यांना तो नेऊन द्यायचा. प्रिंट टाकताना स्टुडिओवाल्याला आधीच सांगून ठेवावं, चेहऱ्यावरचे डाग काढायच्या भानगडीत पडू नकोस, ते गोंदण आहे.